वरच्या सा-चा उंबरठा

६ ऑक्टोबर, रविवार

समितीवाले आज येऊन गेले. चौघे होते, बोलले एकटे गणपतराव. ह्यांच्या शाळेचे ते हेडमास्तर होते. निवृत्त झाले तरी जामसंड्यात काही ठरायचं असलं की त्यांच्याच ओसरीवर ठरतं.

म्हणाले, "वहिनी, जानेवारीत मास्तरांना जाऊन वर्ष होईल. बारा तारखेला शाळेच्या सभागृहात स्मृती-बैठक घेतोय. विराज पुण्याहून येऊन गाणार आहे."

विराज ह्यांचा शिष्य. इथेच शिकला, आता त्याचं नाव पेपरात येतं. तो गाणार हे बरंच झालं. मी विचारलं, मग माझं काम काय?

मी पहिल्या रांगेत बसायचं. शाल-नारळ घ्यायचा. मास्तरांचा एक चांगलासा फोटो द्यायचा.

"आणि तानपुऱ्यावर कोण?"

"त्याची काळजीच नको. विराजकडे मशीन आहे."

मी कप उचलून आत गेले. हे, शाळेत संगीत शिकवणारे भिकाजी मास्तर, गावोगाव गायला जायचे, रेडिओवर गायचे, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या मागे तानपुरा घेऊन मी. लोकांनी माझ्याकडे कधी बघितलं नाही, त्याचं काही नाही. तानपुऱ्याकडे कोण बघतो! पण कोणी ऐकतही नव्हतं, हे आज कळलं.

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं वाचन हे शाळेतून पुस्तकं आणायचे त्यावर झालं, चुलीपाशी बसून. पुस्तकातली माणसं रोजनिशी लिहितात. मला वाटायचं, ज्यांना घरात बोलायला कोणी नाही त्यांचं हे काम. आता माझ्यावर आलं.

तेराव्यानंतर सगळे सांगत होते, तानपुऱ्याच्या तारा उतरव, गवसणीत घालून ठेव, नाहीतर विराजला दे. मी उतरवल्या नाहीत. रोज सकाळी लावते. खाऱ्या हवेत तारांना गंज धरतो, रोज पुसाव्या लागतात. पुसते.


९ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी मुबश्शिरा आली. बंदरावर रफीकचा बर्फाचा धंदा आहे, त्याची ही मुलगी. अकरावीत आहे. ह्यांची शेवटची शिष्या. हे गेल्यापासून इकडे फिरकली नव्हती. मुनिराने, तिच्या आईने, तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं सुकं पाठवलं होतं.

डबा ठेवून ती दारातच उभी. "काकी, तानपुरो लागता काय अजून?"

"लागता तर. बस."

मी छेडायला घेतला. तिने डोळे मिटले आणि यमन सुरू केला. ह्यांचीच चीज. आवाज बसलेला, पण गळा ओळखीचा. अंतऱ्याला वर निघाली ती थेट वरच्या सा-वर. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब! खंय धावतस? उंबरठो खंय गेलो?"

मी आयुष्यात कोणाला गाण्यात टोकलं नव्हतं.

उंबरठा म्हणजे ह्यांची जागा. अंतऱ्यात नि-पर्यंत जायचं, आणि वरच्या सा-च्या आधी थांबायचं. सगळं गाणं बंद. तबलाही थांबायचा. मग हळूच सा. ती शांतता आली की लोक "वाहवा" म्हणायचे. हे मुलांना सांगायचे, "कोणाच्या घरात धावत जाऊचा नसता. उंबरठ्यार वायच थांबाचा, मगे आत." ही त्यांची गायकी.

मुबश्शिरा म्हणाली, "विसरलंय काकी. सांगणारा कोण नाय ना."

म्हटलं, "उद्या ये."

म्हणून टाकलं. आता काय सांगणार तिला, देव जाणे.


२१ ऑक्टोबर, सोमवार

रोज येते. पहिले चार दिवस मी तिच्यासमोर बसले आणि मला काहीच कळेना. तिचं तोंड हलतंय, भुवया वरखाली होतायत, माझं सगळं लक्ष तिथे. मग तानपुरा घेतला आणि तिच्या मागे जाऊन बसले, जशी ह्यांच्या मागे बसायची. लगेच सगळं दिसायला लागलं. गाणं मला पाठीकडूनच माहीत आहे. मान कुठे कलते, पाठ कधी ताठ होते, उंबरठ्यावर खांदे कसे वर उचलतात आणि सा लागला की कसे खाली येतात. मी तिला तेच दाखवते.

मला गाता येत नाही. स्वरांची नावं विचारली तर चुकेन. पण आमटीत मीठ नसलं तर ते कळायला शाळेत जावं लागत नाही.

आज तिने खांदे बरोबर उचलले. मागून बघताना क्षणभर माझा हात थांबला. मग म्हटलं, चल, पुन्हा.


३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. फराळ केला नाही. प्राजक्ता ठाण्याहून फोनवर रडली, "आई, तू इकडे ये राहायला." म्हटलं, तुझ्या चौदाव्या मजल्यावर तानपुरा कुठे ठेवू? म्हणाली, तानपुऱ्यासाठी आई तिकडे एकटी राहते असं मी लोकांना सांगू का? म्हटलं, सांग. खरंच आहे.

संध्याकाळी रफीक आला. सरंगे मासे घेऊन. हे असताना तो ओसरीवर बसून ऐकायचा, गाण्यातलं काही कळत नाही असं सांगत दोन-दोन तास बसायचा.

"वैनी, बंदरार माका लोक इचारतत, रफीक, तुझा चेडू गाता कशाक?"

"मगे? तू काय म्हटलस?"

"म्हटलंय, तुमची दिवसभर मोबायलार बोंबलतत तां चलता, माझा सुरात बोंबलता तां चलना नाय?"

आत मुबश्शिरा होती. ओरडली, "बाबा! मी बोंबलतंय?"

"माका काय कळता? वैनी सांगतली."

कितीतरी महिन्यांनी ह्या घरात कोणी मोठ्याने हसलं. मी पण हसले. मग फोटोकडे नजर गेली आणि वाटलं, हसलं तर हसलं. त्यांना आवडायचं.


१६ नोव्हेंबर, शनिवार

गणपतरावांकडे गेले आणि सरळ सांगितलं. विराजच्या आधी मुबश्शिरा गाईल. ती मास्तरांची शेवटची शिष्या आहे. तिच्या मागे तानपुऱ्यावर मी बसेन.

गणपतराव घरात मालवणी बोलतात. शुद्ध बोलायला लागले की नाही म्हणायचं असतं.

"असं आहे वहिनी, मास्तर जाऊन वर्ष होत आलं. या काळात मुलीची तालीम कुणाकडे झाली?"

"माझ्याकडे."

ते हसले. वाईट नव्हतं हसणं, लहान मुलाला हसावं तसं. आतून त्यांच्या बायकोने पण डोकावून बघितलं. "वहिनी, तुमच्या भावना समजतात. पण पुण्याहून जाणकार येणार. मास्तरांच्या नावाला बट्टा लागेल असं काही व्हायला नको. शिवाय रफीकच्या मुलीवरून कुणी काही बोललं तर..."

"कोण बोललो?"

"बोललं नाही कुणी."

"मगे तुम्ही कशाक बोलतास?"

मी म्हटलं, बैठक मास्तरांची असेल तर त्यांची शिष्या गाईल. ती गाणार नसेल तर फोटो देणार नाही, शाल घेणार नाही, पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी ठेवा आणि तिच्याकडे बघत बसा.

शेवटी म्हणाले, विराज येईल, तो ऐकेल, तो सांगेल ते. मी कबूल केलं. विराज नाही म्हणणार नाही. तो उंबरठा त्याला माहीत आहे.


५ डिसेंबर, गुरुवार

शाळेच्या घाटीने वर जाताना ह्यांची आठवण झाली. शेवटच्या वर्षी ते घाटीतल्या एका वळणावर नेहमी थांबायचे. म्हणायचे, "रव गो, वायच समुद्र बघूया." मला तिथून कधी समुद्र दिसला नाही. गणपतरावांची आंब्याची कलमं वाढून आडवी आलीत. पण ह्यांची नजर चांगली होती.

म्हातारपणी माणूस असा मऊ होतो. नाहीतर लग्नानंतर आम्ही देवगडच्या किल्ल्यावर गेलो तेव्हा समुद्राकडे पाठ करून तबलेवाल्याशी वाद घालत होते. शेवटी शेवटी सगळंच हळू करायचे. पेन्शनच्या कागदांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला गेले की अख्खा दिवस लावायचे. झोपताना दोन उशा घ्यायचे, पाठीला बरं वाटतं म्हणून. आणि गाणं तर इतकं गहिरं झालं होतं. आधी काळी दोनच्या पट्टीत गायचे, मग मला दोनदा तानपुरा खाली उतरवायला लावला. म्हणाले, "आवाज मुरलो की खाली बसता."

ते सगळं मुबश्शिरात उतरवायचं आहे. थोडे दिवस राहिले.


२१ डिसेंबर, शनिवार

विराज आला. आधी तानपुऱ्याला नमस्कार केला, मग माझ्या पाया पडला. पुण्यात राहून पण माझ्याशी मालवणीच बोलतो. "काकी, बारीक झालास गो." म्हटलं, तुझं पोट सुटलंय, ते आधी बघ.

मुबश्शिराला पुढ्यात बसवलं. मी मागे. ती घाबरलेली, पण पहिलाच सा छान लागला. विराजने मान डोलवली. अंतरा आला. नि. उंबरठा. खांदे उचलले. सा.

विराजने डोळे उघडले. परत अंतरा आला, तेव्हा तो हसलाच. "काकी, हिका खांदे उचलूक कोणी शिकयल्यान?"

"मी. मास्तर उचलत."

त्याचं हसू गेलं. मग तिला म्हणाला, "तू वायच भायर बस." ती गेली. मग तो शुद्ध बोलला, गणपतरावांसारखा.

"काकी, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"ती गायकी नव्हती. मास्तरांना श्वास पुरत नव्हता. वरच्या सा-ला जायच्या आधी त्यांना दम घ्यायला लागायचा. त्यांचं हृदय थकलं होतं. ओरोसच्या डॉक्टरांकडे मी एकदा सोबत गेलो होतो."

"ओरोसाक ते पेन्शनच्या कामाक जायत."

त्याने मोबाईल काढला आणि जुनं गाणं लावलं. तो शाळेत असतानाचं, कुठल्या तरी जत्रेतलं. यमनच. तीच चीज. तानपुरा माझाच. अंतऱ्याला ह्यांचा आवाज निघाला आणि नि-वरून सा-वर गेला, मध्ये कुठे पायसुद्धा न टेकता. परत गेला. परत. उंबरठा नाहीच.

मी तेव्हा मागेच बसलेली होते की! तरी विसरले. शेवटच्या दोन-तीन वर्षांचं गाणं आधीच्या सगळ्या गाण्यावर जाऊन बसलं होतं.

"त्यांनी मला शपथ घातली होती," विराज म्हणाला. "काकीला कळलं तर ती तानपुरा उचलणार नाही, म्हणाले. पण समोर बसणाऱ्याला दिसायचं हो. थांबायचे तेव्हा ओठ काळेनिळे व्हायचे."

मी मागे बसायची.

त्याला चहा दिला. साखर घालायची राहिली. त्याने तसाच घेतला.

जाताना म्हणाला, ह्या वर्षी मुबश्शिराला बसवू नका. चुकीचं बसलंय ते काढायला वेळ लागेल. गळा सोन्यासारखा आहे, मी सुट्टीत नीट सांगेन. तो बरोबरच बोलत होता.


२२ डिसेंबर, रविवार

तानपुरा लावला नाही.


२४ डिसेंबर, मंगळवार

वळणावरून समुद्र दिसत नाही. आज मुद्दाम जाऊन बघितलं. कुठूनच दिसत नाही, पाय उंचावून पण नाही.

मी फोटोसमोर भांडले. म्हटलं, मला मागे बसवलंत आणि पुढे मरत राहिलात. खांदे वर जायचे ते मी बघत होते, आणि मला वाटायचं, काय हे गाणं! लोक वाहवा करायचे तेव्हा मला अभिमान वाटायचा. तुम्ही श्वास शोधत होतात आणि मी मागे ताठ बसून मनात म्हणत होते, ऐका, माझा नवरा गातोय. मुलांना उंबरठ्याच्या गोष्टी सांगितल्यात. मला पण त्या मुलांतच बसवलंत.

कळलं असतं तर मी तानपुरा उचलला नसता, हे खरं आहे. गाऊ दिलं नसतं. उशांवर निजवून ठेवलं असतं, पेज भरवली असती. आणि कदाचित आज ते असते. बिनगाण्याचे.

फोटो काही बोलत नाही. फोटोत ते समोर बघतात. जिवंतपणी गाताना त्यांचं तोंड मी कधी बघितलं नाही.

तारांना गंज धरलाय. दोन दिवसांत.


२८ डिसेंबर, शनिवार

मुबश्शिरा आली. मी म्हटलं होतं येऊ नकोस, तरी आली. मला वाटलं विराजने तिला सांगितलं असेल, पण नव्हतं सांगितलं. मी सांगितलं, सगळं. ती ऐकत होती, नखाने चटई खरवडत.

मग म्हटलं, "आता उंबरठो नको. खांदे पण नको. शीदा जा वर."

मी तारा पुसल्या, लावल्या. ती गायली. नि-वरून सा-वर अशी गेली की माझ्या अंगावर काटा आला. केवढा तरी दम आहे पोरीत. तिला तो जिना कळतच नाही, चढून मोकळी.

"ह्याच बरा," मी म्हटलं. "असाच गा."

ती मग म्हणाली, "काकी, रागवायचा नाय हां. माका उंबरठो आवडता."

"अगो, तो आजार होतो!"

"आसात. पण मी थांबतंय मगे तानपुरो ऐकाक येता. नाय तर माझ्याच आवाजात तो कळना नाय. मास्तर थांबत तेव्हा पण तसाच होय. मी समोर बसान ऐकलंय. सगळा बंद, आणि तुमचो तानपुरो भरान येय. लोक तेव्हाच वाहवा म्हणत."

मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. मी तेव्हा खांद्यांकडे बघत असायची.

"परत गा," मी म्हटलं. "खांदे उचलू नको. थांब मात्र."

ती थांबली. मी छेडत राहिले. पहिल्यांदा ऐकला.


५ जानेवारी, रविवार

विराज, गणपतराव आणि मी, त्यांच्या ओसरीवर. मी म्हटलं, मुबश्शिरा गाणार. आणि उंबरठा ठेवणार.

गणपतरावांना आजाराचं विराजने सांगितलेलं होतं. ते शुद्धच बोलत होते. "वहिनी, हे योग्य नाही. मास्तरांच्या व्याधीची नक्कल व्यासपीठावर? जाणकार काय म्हणतील?"

"नक्कल खांद्यांची होती. ती काढून टाकलंय."

विराज समजुतीने बोलला. "काकी, मास्तरांचं खरं गाणं आधीचं. मोबाईलवर ऐकलंत ना? ते पुढे न्यायचं."

"आणि शेवटचा कोणाचा? माझा?" मी म्हटलं. "दम होतो तेव्हाचा गाणा त्यांचा, आणि दम नव्हतो तेव्हा ते गायले तां कोणाचा, विराज? तेका आजार म्हणान फेकून देव? दम नसताना माणूस गप बसता. ते गप बसले नाय. थांबले आणि वर गेले. ती जागा तयार झाली ती आजारान नाय केल्यान. त्यांनी केली."

विराज खाली बघत होता.

गणपतराव म्हणाले, "पण तिला शिकवण्याचा अधिकार..."

"अधिकार नाय माका. खांदे उचलूक शिकयलंय मी, चुकलंय. विराज तिका पुढे शिकवतलो, बरोबर शिकवतलो. पण ह्या वर्षी ती गातली. तुम्ही तिका बसवूक नाय तर मी त्याच दिवशी, त्याच वेळेक माझ्या दारातल्या खळ्यात बसवतंय. रफीक बर्फ आणतलो, मी सरबत करतलंय. मगे बघूया लोक खंय बसतत."

गणपतराव विराजकडे बघायला लागले. विराज म्हणाला, "वीस मिनिटां देवया, सर. माका आयकूचा आसा." सर म्हणताना तो एकदम शाळेतला वाटला.

गणपतराव उठले. "पत्रिका छापून झाल्या आहेत. नाव येणार नाही."

"नको येऊ दे. मी तोंडान सांगतंय."


११ जानेवारी, शनिवार

पोस्टर लागले. विराजचा मोठा फोटो, ह्यांचा लहान, शाळेतला जुना. रफीक बघून आला, म्हणाला, "वैनी, सांगशात तर माझ्या बर्फाच्या गाडयेर चेडवाचा नाव रंगवतंय. बंदर ते जामसांडा, दिवसाक चार फेरे."

मुबश्शिरा म्हणाली तसं केलंत तर मी गाणारच नाही.

गणपतरावांनी घरी येऊन व्यासपीठावर ठेवायला फोटो नेला. मोहोर बघितलात काय म्हणून मालवणीत विचारलं. बरं वाटलं.


१३ जानेवारी, सोमवार

काल दमले होते म्हणून आज लिहिते.

सभागृह भरलं होतं. पुण्याची माणसं पहिल्या रांगेत. आधी सत्कार. गणपतरावांनी शाल पुढे केली तेव्हा मी म्हटलं, "मागसून घेतंय. आता हात मोकळे होये." माईक समोर होता, सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी हसलं. मग मी माईकमध्येच सांगितलं की मुबश्शिरा रफीक काझी, मास्तरांची शेवटची शिष्या, आधी गाणार आहे. पत्रिकेत नाव नाही, म्हणून मी सांगते. आणि मागे जाऊन बसले, माझ्या जागेवर.

व्यासपीठावर बसल्यावर पुढची पाठ बघितली. बारीक पाठ, पिवळा ओढणीचा काठ. ह्यांची पाठ रुंद होती. एवढंच वाटलं. मग तारा.

पोरगी निवांत गायली. पहिला अंतरा सरळ वर नेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, घाबरली, उंबरठा सोडून दिला. दुसऱ्यांदा अंतरा आला. नि. आणि थांबली.

किती थांबली! ह्यांच्यापेक्षा जास्त. तबलेवाला हात थांबवून माझ्याकडे बघायला लागला. सभागृहात पंखे फिरतायत तेवढे ऐकू येत होते, आणि तानपुरा. मी तिच्या खांद्यांकडे बघितलं. हलले नव्हते. तिला घाई नव्हती, श्वास भरून होता, आणि ती ऐकत होती. मग मी बघणं सोडलं आणि मी पण ऐकलं. माझीच बोटं, पण कोणीतरी दुसरंच वाजवतंय असं. कोणी वाहवा म्हटलं नाही. मग तिने सा लावला, हळूच, आधीपासून तिथेच असल्यासारखा.

तेव्हा म्हणाले. पहिल्यांदा रफीक ओरडला, चुकीच्या ठिकाणी, खूप मोठ्याने.

मग विराजची वेळ झाली. त्याने मशीनचं बटण दाबलं, आणि लगेच बंद केलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "काकी, माझ्या मागे बसतास?"

मला कधी कोणी विचारलं नव्हतं. हे पण विचारायचे नाहीत, मी आहेच असं धरून चालायचे. मी तानपुरा त्याच्या पट्टीला लावला आणि मुबश्शिराच्या मांडीवर दिला. म्हटलं, "ही बसतली. मी आज फुडे बसतंय."

पहिल्या रांगेतली माझी खुर्ची रिकामीच होती. बसले. गाणाऱ्याचं तोंड समोरून बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा. डोळे मिटतात, कपाळावर आठी येते, गळ्याची शीर उभी राहते. वर जाताना चेहरा असा होतो की जणू कोणी काहीतरी हिसकावून नेतंय आणि हा सोडत नाही. दम असलेल्या माणसाचा हा चेहरा. नसलेल्याचा कसा असेल, ते मला आता कळलं. मी शेवटपर्यंत मान फिरवली नाही.

विराज उंबरठ्यावर थांबला नाही. त्याचा दम भरपूर आहे. त्याने का थांबावं?

शाल शेवटी घेतली. परतताना रफीक तानपुरा खांद्यावर घेऊन पुढे, मुबश्शिरा आणि मी मागे, घाटीने खाली. वळणावर मी थांबले. दम लागला नव्हता. उतारच होता.

रफीक मागे वळला. "वैनी, काय झाला? दमलास?"

"नाय रे. समुद्र बघतंय."

"हयसून? हयसून खंय दिसता समुद्र? समोर सरांची कलमां!"

"उगी रव," मी म्हटलं. "दिसता."

मुबश्शिरा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिकडेच बघायला लागली.